मनालीच्या बर्फात छोटी गाडी: त्या फॉरवर्डमधलं काय काय चुकतंय

डिसेंबर लागला की पुण्यातल्या ग्रुपांवर तोच सल्ला फिरू लागतो. छोटी मॅन्युअल गाडी घेऊन मनालीला निघालात? टायरची हवा 20 पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणा, डिकीत वाळूची पोती टाका, चढाला पहिल्या गिअरमध्ये रेस द्या, उताराला न्यूट्रल करा आणि रात्री हँडब्रेक घट्ट ओढा.

हवा कमी करणं हा कोकणातल्या पुळणीवरचा इलाज. मनालीच्या रस्त्यावरचा बर्फ गाड्यांखाली दबून कडक झालेला असतो, तिथे मऊ टायरचा उपयोग नाही. खड्ड्यात रिम मात्र वाकते. शिवाय थंडीने हवा दर 10 अंशांमागे दीड-दोन पीएसआय आपोआप उतरते. तिथे पोहोचल्यावर सकाळी, टायर गार असताना, दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरून घ्या.

वाळूची पोती मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी. ऑल्टो, स्विफ्ट, आय-10 यांना पुढची चाकं ओढतात. डिकी जड केली की नेमकी तीच हलकी होतात. बर्फात पकड मिळावी म्हणून टायरभोवती गुंडाळायची चेनही पुढच्याच दोन चाकांना लावायची. ती आधी इथे सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून बघा, गारठलेल्या बोटांनी पहिला प्रयोग नको. लावल्यावर शे-दोनशे मीटर जाऊन पुन्हा ताणायची, वेग 30-40च्या आत ठेवायचा, डांबर लागलं की काढायची.

पहिल्या गिअरमध्ये चाकावर जोर जास्त येतो, म्हणून ते जागच्या जागी फिरतं आणि खालचा बर्फ काचेसारखा गुळगुळीत करतं. सपाटीवर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू सोडत निघा. रुतलातच तर स्टेअरिंग सरळ करा, चाकांपुढचा बर्फ उकरा, पायपुसणी त्यांच्याखाली सरकवा.

न्यूट्रलचा सल्ला सरळ धोक्याचा आहे. पुण्यातल्या, अपघातांसाठी कुख्यात नवले पुलाचा उतार रोज पाहणाऱ्यांनी तो पुढे पाठवावा, ही कमालच! न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. बर्फावर ब्रेक दाबताच एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) नसलेल्या गाडीची पुढची चाकं लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबतात, आणि मग स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही. एबीएस असेल तर स्टेअरिंग हातात राहतं, पण थांबायला अंतर लागायचं ते लागतंच. उतार सुरू होण्याआधीच दुसरा, फार तीव्र असेल तर पहिला गिअर टाका. अर्ध्या उतारावर गिअर खाली आणून क्लच फटकन सोडलात तरी पुढची चाकं ब्रेक मारल्यासारखी घसरतात. पेट्रोलही वाचत नाही: गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की फ्युएल इंजेक्शनची गाडी इंजिनाला जाणारं पेट्रोल बंद करते, न्यूट्रलमध्ये आयडलिंगला जाळत राहते.

हँडब्रेक ओढून ठेवला तर ओले ब्रेकशू रात्रीत गोठून ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि चाकांना दगड लावा.

पाण्याबद्दल मात्र त्या फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. वायपरच्या टाकीतलं नळाचं पाणी गोठतं. रेडिएटरमध्ये वर्षभर साधं पाणी घातलं असेल तर निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये ते काढून न मिसळलेलं (कॉन्सन्ट्रेट) कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या. तयार मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात पाणी घालायचं नाही.