झोलिंगनच्या शिक्क्यावर तलवारीची किंमत ठरत नाही

वारशात जुनी जर्मन लष्करी तलवार आली की एक सल्ला हमखास पुढे येतो: पात्यावर 'झोलिंगन' (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन गाव) असेल तर ती दुर्मिळ, मुठीवर कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची अक्षरं असतील तर राजघराण्यातली, सरकारी छाप नसेल तर नकली, आणि विकण्याआधी घासून लखलखीत करा. यातलं शेवटचं सर्वांत घातक, म्हणून आधी तेच.

कृपा करून घासू नका. अधिकाऱ्यांच्या पात्यांवर आम्लानं उठवलेली नक्षी असते, कधी निळ्या पृष्ठावर सोनेरी काम. हे सगळं अगदी वरवरचं असतं. पॉलिश पेपर फिरवला की नक्षी पुसट होते, सोनं उडतं, आणि ते परत आणता येत नाही. संग्राहक आधी हेच बघतात. मऊ कापडानं धूळ पुसून पात्याला तेलाचा पातळ हात द्या, तेवढं पुरे.

झोलिंगनमध्ये शतकानुशतकं पाती घडत होती आणि दूरदूर जात होती. मराठ्यांच्या फिरंग, म्हणजे युरोपीय पात्यांच्या तलवारींतही जर्मन पाती आढळतात. नुसत्या गावाच्या नावानं दुर्मिळता कशी ठरणार? कारखान्याची खूण मात्र जरूर पाहा: आइकहॉर्नची खार, कोपेलचा तराजू, वायर्सबर्ग-किर्शबाउमचं राजाचं आणि सरदाराचं मस्तक. या खुणांची रूपं बदलत गेली, त्यामुळे काळ ठरवायला त्या कामी येतात.

'डब्ल्यू आर दोन' ही दुसऱ्या विल्हेल्मची, म्हणजे जर्मन कैसर आणि प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाची अक्षरं. 1889 च्या नमुन्याच्या प्रशियन पायदळ अधिकाऱ्यांच्या तलवारींवर ती सर्रास असत. राजवाड्याशी त्यांचा संबंध जोडणं चूक.

सरकारी छापेचं म्हणाल, तर अधिकारी तलवार स्वतःच्या पैशानं घेत. तिच्यावर छाप नसणं स्वाभाविक आहे. सरकारनं शिपायांना दिलेल्या प्रशियन तलवारींच्या पाठीवर मुकुट, राजाचं अक्षर आणि सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. मुठीवरचा आणि म्यानावरचा पलटणीचा छाप जुळला, तर भाव वाढतो.

खरा फरक पाडतं ते दमास्कस पोलाद, म्हणजे थरांमुळे नागमोडी पोत दिसणारं पोलाद. त्याचा पोत पात्याच्या पाठीवरही सलग दिसतो. नुसती उठवलेली नक्कल बहुधा बाजूंवरच थांबते. पलटणीचं किंवा मालकाचं नाव कोरलेलं असेल, तर त्या माणसाची पत्रं, गणवेशातले फोटो, नेमणुकीचे कागद तलवारीसोबतच ठेवा. वाटणीत ते वेगवेगळ्या घरांत गेले, तर ती तलवार नेमकी कोणाची हे पुढे सिद्ध करणं फार अवघड जातं.