बूट काढा हो, बूट!

दक्षिण कोरियाची राजधानी सोल, तिथल्या इकसन-दोंग वस्तीतल्या, १९२०-३०च्या दशकांतल्या हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन घरांतल्या कॅफेत जायचं, आणि पायात घोट्यापर्यंत लेसवाले बूट! खाली बसायच्या कॅफेत ते दाराशी दगडी पायरीवरच काढायचे असतात ना? मागे रांग ताटकळते, हे महाशय लेस सोडतायत. मोजा फाटका असला की आणखी गंमत. आत ओंडोल, म्हणजे खालून तापवलेली जमीन. म्हणून मांडी घालून बसायचं. उंबरा उंच, चौकट बुटकी, अंगठा आणि डोकं दोन्ही सांभाळा. आणि फोटोसाठी दाराच्या लाकडी जाळीत बोटं खुपसू नका! तिच्यावर चिकटवलेला असतो हानजी, तुतीच्या सालीचा कागद. ओल्या बोटाने सहज भोक पडतं, ठिगळ लावलं तर उजेडात डागासारखं दिसतं. मग दार उतरवा, पट्ट्या भिजवा, जुना कागद खरवडा, नवा खळीने चिकटवा. एका फोटोपायी!