वारसा दर्जा द्या, पण कौलांचं काय?

राजापूर बाजारपेठेतली जुनी पेढीची इमारत वारसा म्हणून जाहीर करावी, हे लेखातलं म्हणणं पटलं. १६६१ साली महाराजांनी इंग्रजांची वखार लुटली ते हे गाव. वखार गेली, निदान पेढ्या तरी राहू देत.

पण एक अडचण आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि तिथे मालकाला भरपाई म्हणून टीडीआर (आपल्या जागेवर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क) दुसऱ्याला विकता येतो. आमच्याकडे तो घेणार कोण? भाडेकरू पिढीजात, भाडं नावापुरतं. त्यात अर्जुना-कोदवली नद्यांचं पाणी जवाहर चौकात शिरतं ते वेगळंच. मालक कौलं शाकारणार कुठून?

दुसरं, डागडुजी. जांभ्याचा चिरा सच्छिद्र, चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. आमच्या माजघराला काकांनी हौसेने सिमेंट लावलं (स्वस्त पडलं म्हणून), दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले आणि आतला चिरा भुसभुशीत झाला. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता शोधावे लागतात. नुसती पाटी लावून भिंत उभी राहत नाही हो. नगरपरिषदेने अशा इमारतींची घरपट्टी तरी माफ करावी, मग मालकच अर्ज घेऊन येतील.