स्पिरिटमधल्या गुळवेलीने यकृत धुऊन निघत नाही

सोलापुरात मोबाइलवर फिरणारा निरोप असा: गुळवेल, भुईआवळा, हळद स्पिरिटमध्ये बुडवा, बाटली 15 दिवस माळवदावर उन्हात ठेवा, रोज दोन चमचे घ्या. यकृत धुऊन निघते, कावीळ उतरते, अपाय शून्य.

यात सगळ्यात घातक शब्द ‘स्पिरिट’. जखमेचे किंवा रंगकामाचे स्पिरिट पिण्यासाठी नसतेच. त्यात मिथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल असू शकते. मिथेनॉलने डोळे जातात, जीवही जातो. उन्हात ठेवून किंवा गाळून ते निघत नाही.

ऊनही नको. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. बंद बाटलीत वाफ कोंडते, बूच उडते आणि ती वाफ सहज पेट घेते. शिवाय हळदीतले कर्क्युमिन उजेडाने नासते.

‘धुऊन निघते’ म्हणजे काय? स्पिरिटऐवजी पिण्याचे 40 टक्क्यांचे मद्य वापरले, तरी दोन चमचे, म्हणजे 10 मिली अर्कातून रोज सुमारे 3 ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. ते निस्तरायचे काम यकृताकडेच येते. आधीच सूज असलेल्या यकृताला तेवढेही नको.

‘अपाय शून्य’ हेही खोटे. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. ती वनस्पती गुळवेलच होती कशावरून, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने त्यावर घेतला. पण वाळलेल्या कांडीवरून गुळवेलीची नेमकी जात बाजारात ओळखता येत नाही, हे तर खरेच.

कावीळ उतरते हा अनुभव मात्र खोटा नाही, त्याचे श्रेय चुकीच्या जागी जाते. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या दिवसांत जे घेतले ते ‘औषध’ ठरते. पण गुंगी, असंबद्ध बोलणे, रक्तस्राव दिसला, तर काढा-अर्क बाजूला ठेवून त्याच क्षणी दवाखाना गाठा. तिथे रक्तातले बिलिरुबिन (कावीळ किती), एसजीपीटी (यकृताला इजा किती) आणि आयएनआर (रक्त नीट गोठते का) तपासतील. गरोदर बाईला कावीळ दिसली, तर एवढीही वाट पाहू नका. हिपॅटायटिस ई गरोदरपणात जीवघेणी ठरते.

जड जेवणानंतर पोट फुगत असेल, तर मद्य लागतच नाही. एक चमचा बडीशेप, अर्धा चमचा जिरे भरड कुटून कपभर उकळत्या पाण्यात घाला, सात मिनिटे झाका, गाळून कोमट प्या. झाकण विसरलात, तर सुगंधी तेल वाफेबरोबर उडते आणि उरते नुसते पिवळे पाणी.