ढोल कंबरेला बांधला की फोन हातात घेता येत नाही

गणपती दोन महिन्यांवर आले की ऑफिसात मला हमखास विचारतात, "अगं, दिवसभर डोकं पिकल्यावर तू परत तिकडे ढोल कसा बडवतेस?" आज सविस्तर सांगते.

गेली बारा वर्षं मी बॅकएंडचं, म्हणजे ॲपच्या पडद्यामागे चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करते. या कामाचा थकवा अंगाचा नसतो. आपण खुर्चीतून उठतो, पण बग आपल्याबरोबर घरी येतो. मुलगा शाळेतली गंमत सांगत असतो, मी "हो का?" म्हणत असते आणि डोक्यात लॉगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने केलेल्या नोंदींच्या ओळी सरकत असतात.

तीन वर्षांपूर्वी एका रात्री पावणेतीनला अलर्ट वाजला. पेमेंटची रांग तुंबली होती. सकाळी सातपर्यंत आम्ही तिघं कॉलवर होतो आणि नऊला परत मीटिंगला हजर. त्या आठवड्यातली ती चौथी रात्र. शनिवारी दहा तास झोपले आणि उठले तेव्हा तितकीच दमलेली होते. मग दिवसभर सोफ्यावर मोबाइल बघत पडले. कामाचा स्क्रीन बंद करून दुसरा उघडला, एवढंच.

त्या संध्याकाळी मैत्रिणीने ओढूनच नदीपात्रात नेलं, पथकाच्या सरावाला.

ढोल कंबरेला आवळून बांधतात. एका हातात टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, दुसऱ्या हाताची थाप. ताशाची तर्री सुरू झाली की सगळं लक्ष कानात येतं. मनात ऑफिस आलं की ठोका चुकतो, आणि शेजारच्याला तो लगेच कळतो. पण पुढच्या आवर्तनात सावरून घेता येतं. चुकीची चौकशी होत नाही, मेल येत नाही. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड आले, बोटांना चिकटपट्टी गुंडाळून वाजवलं. त्या रात्री मला स्वप्नातसुद्धा कोड दिसला नाही.

नदीकाठच्या सोसायट्यांना या आवाजाचा त्रास होतो, हे मला मान्य आहे. सराव वेळेत संपलाच पाहिजे, आणि वादकांनी कानात बोळे घातलेच पाहिजेत.

प्रत्येकाने ढोलच वाजवावा असं माझं म्हणणं नाही. आमच्यातले कुणी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतात, कुणी गच्चीत टोमॅटो लावतात. या सगळ्यांत हात गुंतलेले असतात, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कंपन्या योगसत्रं घेतात, कॅरम मांडतात. चांगलंच आहे. पण फोन कधीही वाजेल ही धास्ती उशाशी असेल, तर शवासनातही मन अलर्टचीच वाट बघतं. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काचा कायदा लागू आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत अशाच हक्काचं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. माझ्या मते ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाला तर फोन घ्यायची पाळी लेखी हवी, रात्र जागली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी, आणि पाळी नसलेल्याला फोन करायचाच नाही.

आमच्या टीमने निदान पहिली गोष्ट केली आहे. सरावाच्या दिवसांत बुधवार संध्याकाळची माझी पाळी एक सहकारी घेतो. त्याच्या सिंहगडाच्या शनिवारी पहाटे पाचला मी लॅपटॉप उघडून बसते. तो खाली उतरून, ताक पिऊन "पोचलो" असा मेसेज टाकतो, तेव्हा मी उठते.