तहार्का असिरियाच्या कैदेत मेला नाही

सध्या एका कोरीव शिलास्तंभाचा फोटो फिरतोय: उंच असिरियन राजा (असिरिया म्हणजे आजच्या उत्तर इराकमधलं प्राचीन साम्राज्य), त्याच्या हातात दोर, आणि पायाशी ओठात कडी अडकवलेला गुडघे टेकलेला माणूस. खाली ओळ, ‘कुशचा राजा तहार्का असिरियात कैदेतच मेला.’ फोटो खरा, ओळ चुकीची. (कुश म्हणजे आजच्या सुदानमधलं प्राचीन राज्य; तहार्का तिथला आणि इजिप्तचाही राजा होता.)

हा शिलास्तंभ तुर्कस्तानातल्या झिंजिर्ली इथे 1888 मध्ये सापडला, आज तो बर्लिनमध्ये आहे. कैद्याच्या कपाळावर राजचिन्हाचा नाग दिसतो, गोंधळ तिथेच होतो. पण नाग युवराजही लावू शके. स्तंभावरचा मजकूर वाचला की उलगडा होतो. इ.स.पू. 671 मध्ये एसरहद्दोनने, म्हणजे फोटोतल्या असिरियन राजाने, इजिप्तचं मेम्फिस शहर अर्ध्या दिवसात घेतलं. तहार्काला बाणांच्या पाच जखमा केल्याची फुशारकी तो मारतो (अतिशयोक्ती धरूनच चाला), पण पकडल्याच्या यादीत राणी आणि युवराज उशनहुरू आहेत, राजा नाही. त्यामुळे बहुतेक अभ्यासक हा कैदी उशनहुरूच मानतात.

तहार्का दक्षिणेला निसटला. एसरहद्दोन 669 मध्ये इजिप्तच्या वाटेवरच मेला आणि तहार्काने मेम्फिस परत घेतलं. पुढे एसरहद्दोनचा मुलगा अशुरबनिपाल याच्या फौजेने त्याला पुन्हा हुसकावलं. 664 मध्ये तो वारला, तोही राजा म्हणूनच. सुदानमधल्या नुरीचा त्याचा पिरॅमिड तिथला सर्वांत मोठा, पाया सुमारे 52 मीटर. आत हजाराहून जास्त दगडी शब्ती, म्हणजे परलोकात धन्याची कामं करणाऱ्या सेवकांच्या मूर्ती, निघाल्या.

‘पहिला काळा फॅरो’ (फॅरो म्हणजे इजिप्तचा राजा) हे बिरुदही तहार्काचं नव्हे. त्याचा बाप पिये आधीच इजिप्त जिंकून बसला होता.