भाडेकरूचा पोरगा पहिला आला

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीने 26 जानेवारीला मुलांची शर्यत ठेवली होती. वसंत विहारहून उपवन तलावापर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिला आला भाडेकरूचा पोरगा, कप दिला दुसऱ्या आलेल्याला. का, तर बक्षीस फक्त सभासदांच्या मुलांना. त्यावर आठवडाभर ग्रुपवर जे चाललंय ते वाचताना इथे लंडनच्या हाउन्स्लोत माझा चहा गार होतो. ‘बाहेरचे येऊन आपल्या पोरांची बक्षिसं नेतात’ म्हणे. बाहेरचे म्हणजे परभणीचे! परभणी काय सोमालियात आहे?

सोमालियाचंच सांगतो. ब्रिटनचा धावपटू मो फारा, त्याची शाळा फेल्टमला, माझ्या घरापासून बसने वीस मिनिटं. नऊ वर्षांचा असताना त्याला दुसऱ्याच मुलाच्या नावावर इंग्लंडात आणलं आणि एका घरात राबवलं. इंग्रजी धड येत नव्हतं. अ‍ॅलन वॉटकिन्सन या पीटीच्या मास्तरांना त्याची हकिकत कळली. त्यांच्या खटपटीने तो दुसऱ्या सोमाली कुटुंबात गेला, 2000 साली नागरिक झाला. पुढे 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये 5,000 आणि 10,000 मीटर, दोन्ही सुवर्ण. 2016 ला रिओत परत दोन्ही, त्यात 10,000 ला तर मध्येच पडला, उठला आणि जिंकला. 2022 मध्ये त्याने स्वतःच टीव्हीवर सांगितलं, माझं खरं नाव हुसेन अब्दी काहिन. म्हणजे नागरिकत्वच दुसऱ्याच्या नावावर! सरकारने कारवाई करणार नाही म्हणून सांगून टाकलं, उपविधी उघडून बसलं नाही.

4 ऑगस्ट 2012 च्या रात्री मो शेवटच्या फेरीत सुटला तेव्हा आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने मला मिठी मारली. तोवर कचऱ्याची बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायची, एवढंच आमचं बोलणं. ‘आपण जिंकलो’ असं तो म्हणाला, मीही म्हणालो. माझ्याकडे तेव्हा आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवानासुद्धा नव्हता.

हे सगळं मी रात्री जागून ग्रुपवर लिहिलं. सेक्रेटरींचं उत्तर एका ओळीत आलं: ‘दादा, तो तुमच्याच फ्लॅटमध्ये राहतो ना? मग करार अकरा महिन्यांचाच का करता?’

राहतो. आणि करारात त्याचा बाप भाडेकरूसुद्धा नाही, लायसेन्सी आहे, म्हणजे नुसती राहायची परवानगी असलेला. उद्या हक्क सांगू नये म्हणून. सतरा वर्षांत मी त्या घरात सगळे मिळून चार महिने राहिलो असेन, पण सभासद मी. त्या माणसाने मागच्या महिन्यात बाथरूमची गळती दाखवायला व्हिडिओ कॉल केला होता. गॅलरीच्या ग्रिलला, आईच्या तुळशीशेजारी, धुतलेले बूट लेसने उलटे टांगलेले. टाचा बाहेरच्या अंगाने पार झिजलेल्या. ‘रोज येऊरचा चढ करतो, काका,’ पोरगा मागून म्हणाला. त्या चढावर मी त्याच्या वयाचा असताना अर्ध्यातच बसकण मारायचो.

मे महिन्यात करार संपतोय. एजंटाचा मेसेज आलाय, नवी पार्टी तीन हजार जास्त द्यायला तयार आहे. मी अजून त्याला नाही म्हटलेलं नाही.